दोनदा पडलेलं मीठ

रुपा,

तू शेगडीजवळ भिंतीला टेकूनच झोपलीस, म्हणून उठवलं नाय. परातीतल्या चकलीच्या पिठाला हात लावू नको. मी चाखलं, खारट झालंय. सकाळी मीठ मी घातलेलं, मागनं तूपण घातलंस वाटतं. त्या जादा ऑर्डरवरनं भांडलो तेव्हापासून आपण बोलतच नाय, मग कळणार कसं.

डब्यातली भाजणी दळायला सापगावच्या गिरणीवर नेतोय. ती बिनमिठाची मळून यात मिसळली की चव जमेल. वैशाखऱ्याच्या बाईंना विचारलं, चकल्या उद्या दिल्या तरी चालतील म्हणाल्या. तुझा फोन बंद करून सोबत घेतलाय, नायतर तो वाजेल आणि तू परत तळायला बसशील. भात झाकून ठेवलाय, आधी जेव.

पीठ आता दुप्पट होईल. जास्तीच्या चकल्या कोणाला देऊ नको. सगळ्या गावाचा फराळ केला, आपल्या घरचा डबा रिकामाच आहे. त्या आपल्याला.

आल्यावर तळायला मी बसतो. तू बाजूला बसून बोल. रागावून बोललीस तरी चालेल.

हनुमान