बिनकामाच्या वस्तूंना नोकऱ्या

तीर्थरूप आत्यास,

कागदावरूनच साष्टांग नमस्कार (प्रत्यक्ष घालायचा तर माझी कंबर मध्येच अडते, हे तुला ठाऊक आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला अजून फक्त पाहुण्यांसमोरच येतो का? इकडे सगळं ठीक आहे. 'ठीक' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, पण पत्र संपेपर्यंत तो तुला पटणार नाही.

मी ठसेचित्रांच्या वर्गाला जाते, हे तुला कळवलं होतंच. (लाकडी फळी कोरायची, तिच्यावर शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. कोरलेलं पांढरं राहतं, उरलेलं काळं उठतं. ऐकायला सोपं आहे. पोहणंही ऐकायला सोपंच असतं.) वर्गाच्या बाई महिनाअखेरीस प्रदर्शन भरवणार होत्या आणि त्यांनी मला अख्खी एक भिंत देऊ केली. आजवर मला कुणी साधा कोपराही दिला नव्हता, त्यामुळे हुरळली मेंढी तशी मी मोठी योजना आखून बसले: जुन्या बाजारातून कुणाच्याच उपयोगाच्या न राहिलेल्या चमत्कारिक वस्तू आणायच्या आणि एकेकीचं चित्र कोरायचं. विषय, निरुपयोग. तो ऐकून बाईंनी डोळे मिटले (आनंदाने).

जुन्या बाजारातल्या दुकानदाराला आम्ही चालतंयकाका म्हणतो, कारण ते कशालाही "चालतंय" म्हणतात. काटे नसलेलं घड्याळ? चालतंय. कापड नसलेली छत्री? चालतंय, उलट वाऱ्याने फाटायची भीती नाही. या दोन्ही वस्तू, चांभाराचा डाव्या पायाचा लाकडी साचा आणि एक दांड्याचं, दातेरी, कशाचं आहे ते काकांनाही माहीत नसलेलं लोखंडी प्रकरण, एवढं घेऊन मी घरी आले.

आता तुझ्या भावाकडे येते. आई गेल्यापासून बाबा दिवसाला दोनच वाक्यं बोलत होते. सकाळी "चहा झाला का?" आणि रात्री "दिवा घालवू का?" मधला सगळा वेळ खिडकी. मला त्याची भीती वाटायची, पण ते बोलून दाखवायला समोर ऐकणारं कुणीतरी लागतं ना. अशा माणसाने मी पिशवी रिकामी केल्यावर तिसरं वाक्य उच्चारलं, "हे कशाला आणलंस?" मी म्हटलं, चित्र काढायला. ते कारण त्यांना कारण वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन बसते, तर छत्रीचा सांगाडा उलटा टांगलेला आणि त्यावर मोजे वाळत घातलेले. लाकडी पाऊल दाराला अडसर म्हणून रुजू झालेलं. घड्याळाला चमच्यांच्या दांड्यांचे काटे बसवलेले (त्यातला एक चमचा माझा, घासायचा). मोठा काटा जड असल्यामुळे ते बारापासून सहापर्यंत उतरताना धावतं आणि पुढे चढताना दमतं. बाबा म्हणतात, तेवढं धरून चालायचं. जन्मभर कचेरीत शिक्के मारलेला, खिळा ठोकायलाही शेजाऱ्याला हाक मारणारा माणूस! बिनकामाची म्हणून वस्तू आणावी आणि उजाडेपर्यंत तिला नोकरी लागलेली असावी, तर मी निरुपयोग कोरायचा कुठून?

उरलं लोखंडी प्रकरण. ते उशाशी घेऊन झोपले आणि नेटाने त्याची फळी कोरली (बोटांना पट्ट्या आहेत, म्हणून अक्षर असं). शाई लावली आणि कागद आणायला कोपऱ्यावर गेले. परत येते तर फळी गायब. स्वयंपाकघरात बाबा, हात कोपरापर्यंत काळे. शेजारचे शिंपीकाका, लेंग्यावर पाचही बोटं उठलेली. आणि आमचं कायम डुगडुगणारं भांड्यांचं कपाट खांबासारखं उभं. "खडबडीत बाजू खाली घातली, म्हणजे सरकायचं नाही. हलवून बघ," बाबा म्हणाले. (शाईचं विचारलं तर म्हणाले, फळी मळली होती.) मी हलवून पाहिलं. हललं नाही.

फळी काढायला पुन्हा कपाट उचललं, तर फरशीवर ठसा. काळाभोर, दाता न् दाता स्वच्छ. चमच्याने घासघासून मला जन्मात जमलं नसतं, ते भांड्यांच्या वजनाने एका बैठकीत करून टाकलं. माझ्या हातून झालेलं सर्वांत चांगलं चित्र फरशीवर आहे, आणि फरशी प्रदर्शनाला नेता येत नाही. फळी ओढून काढताना मधोमध चिरली. तिचे दोन तुकडे बाबांनी लगेच कपाटाच्या दोन पायांखाली घातले आणि आता जास्तच बरं झालं म्हणाले. बाईंनी भिंत दुसऱ्या कुणाला दिली. मला वाईट वाटलं, फार वाटलं, तुझ्यापासून कशाला लपवू?

तेव्हा आत्या, बाबांनी ऐकलं तर तुझंच ऐकतील. पोरीच्या वस्तूंना हात लावू नकोस, असं एक खरमरीत पत्र त्यांना लिही. काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. हे पत्र टाकायचं राहून गेलं, ते बरंच झालं. खरमरीत पत्र लिहू नकोस.

आणखी ता. क. घरातलं मोडकं सगळं संपलं. लोखंडी प्रकरणालाही टॉवेल लटकतो आहे. चालतंयकाका दुकानाला कुलूप लावून लेकीकडे गेलेत आणि बाबा पुन्हा खिडकीत बसलेत. काल वाक्यं दोनच झाली. तुझ्या माळ्यावर बंद पंखा, मुका रेडिओ, जे काही पडलं असेल ते पाठव. माझं नाव काढू नकोस. "दादा, जमतंय का बघ," एवढंच लिही. आणि मोडकं काही नसेलच, तर धडधाकट पाठव. मोडायचं मी बघते.