लाल घर, निळं घर, पिवळं घर

४ डिसेंबर

ती. ताईंना,
शि. सा. न. (गुडघ्यांच्या सोयीसाठी साष्टांग कागदावरच घालतो आहे.)

ही गेल्याला परवा चार महिने झाले. तुम्ही दर आठवड्याला ख्यालीखुशाली विचारता आणि मी 'ठीक आहे' एवढंच कळवतो, म्हणून मागच्या पत्रात तुम्ही माझी कानउघाडणी केलीत. ती योग्यच होती. नकाशा कचेरीत चौतीस वर्षं रेघा ओढल्या. अक्षरं लिहायची ती नदीच्या नावापुरती. आज मात्र लांब लिहितो आहे, कारण विषय कोंबड्यांचा आहे.

हिच्या एकोणीस कोंबड्या आणि तीन कोंबडे परसात आहेत. मुलगी म्हणते, बाबा, देऊन टाका. देऊन टाका म्हणजे कोपऱ्यावरच्या खाटकाला. दुसरं कोणी विचारत नाही. पण ही कबरी जात हिने अकरा वर्षं निवडून निवडून तयार केली. ऐन थंडीत शेजाऱ्यांच्या कोंबड्या संपावर असतात तेव्हा आपल्या अंडी देतात. बहुतेक आता चौथ्या वर्षात आहेत. येत्या वर्षी पिल्लं धरली नाहीत तर जात संपली. ती माझ्या हातून संपू नये, एवढंच मनात आहे.

म्हणून पुढच्या वर्षाचा आराखडा केला आहे. प्रत जोडली आहे. प्रमाण एकास वीस. खुराड्याची उत्तर दिशा बाणाने दाखवली आहे. कोंबड्यांना तिचा उपयोग नाही हे मला मान्य आहे. फेब्रुवारीत अंडी बसवायची. कोंबडा कोणता, हे रुबाब बघून ठरवीन.

आणखी एक काम उरकलं, शाबासकी द्याल. हिने सगळ्यांच्या पायात प्लास्टिकची कडी घातली होती. कुठे लाल, कुठे निळं, कुठे पिवळं, काही ताळमेळ नाही. ती काढून पत्र्याची नंबरवाली कडी घातली. सकाळी ज्या क्रमाने बाहेर आल्या त्या क्रमाने एक ते बावीस. आता कसं कचेरीसारखं वाटतं.

कळावे. लोभ आहे तेवढा ठेवावा. वाढवल्यास माझी हरकत नाही.
तुमचा,
नकाशेवाला

११ डिसेंबर

भाऊजी,
नमस्कार, आणि आधी खाली बसा.

तुमचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला तो अजून काढलेला नाही. अहो, ती कडी म्हणजे कुळ होतं! लाल घर, निळं घर, पिवळं घर. लाल घरचा कोंबडा निळ्या घरच्या कोंबड्यांत, निळ्याचा पिवळ्यात, पिवळ्याचा लालमध्ये. आपल्या घरात कोणी राहायचं नाही. दरवर्षी सगळे लेक पुढच्या घरी, लेकी आईपाशी. भावाबहिणींची गाठ पडली की अंडी दिसायला भरतात आणि पिल्लं आतच मरतात. अकरा वर्षं माझ्या धाकट्या बहिणीने हे सांभाळलं आणि तुम्ही एका सकाळीत सगळ्यांना एका रांगेत उभं करून नंबर दिलेत. एकोणीस बायका आणि तीन पुरुष, आणि कोण कोणाचं कोणालाच माहीत नाही. प्रसूतिगृहात मी तीस वर्षं काढली. बाळांच्या मनगटावरच्या पट्ट्या जर मी अशा 'नीटनेटक्या' केल्या असत्या तर मला लोकांनी गावाबाहेर काढलं असतं.

आणि चौतीस वर्षांच्या संसारात तुम्ही एकदाही तिला विचारलं नाही, की ही कडी कशासाठी? तुम्हाला वाटलं काय, दागिने?

कडी टाकलीत की आहेत?

आराखडा छान आहे. उत्तर दिशा तर फारच सुबक.

राग मानू नये. मानलात तरी उत्तर द्यावे.
ताई

१९ डिसेंबर

ती. ताईंना,
शि. सा. न.

हो, दागिनेच वाटले. कडी टाकलेली नाहीत. साबणाने धुऊन, रंगवार लावून बरणीत ठेवली आहेत. लाल आठ, निळी सात, पिवळी सात. म्हणजे कोणत्या घरात किती माणसं हे मला अचूक सांगता येतं. फक्त माणसं कोणती, ते येत नाही.

सहा दिवस परसात स्टुलावर वही घेऊन बसलो. तुरे मोजले, ठिपके मोजले, चाली पाहिल्या. अकरा नंबर लंगडते असं लिहिलं, मग लक्षात आलं की पत्र्याचं कडं तिला घट्ट होतंय. शेजारचा शिंपी रोज कुंपणावरून विचारतो, साहेब, आज कोणाचं माप घेताय? त्याने एक आकडा तरी उपयोगी निघाला का विचारलं. निघाला नव्हता.

एका कोंबड्याची मात्र खात्री आहे. मागच्या वर्षी तो माझ्या अंगावर उडाला होता, तेव्हा डोळ्यांसमोर आलेलं कडं निळं होतं. तो निळ्या घरचा. बाकीचे दोघे सभ्य आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही सांगता येत नाही.

एक मार्ग सुचतो. पाच वर्षांपूर्वी हिने तुम्हाला लाल घरची डझनभर अंडी उबवायला पाठवली होती आणि तुमच्याकडे आठ पिल्लं निघाली होती. ती शुद्ध लाल घरची. त्यातल्या दोन-चार दिल्यात तर ते घर तरी नव्याने उभं राहील. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

कळावे. लोभाचा विषय तूर्त काढत नाही.
नकाशेवाला

२७ डिसेंबर

भाऊजी,
नमस्कार.

आता खाली बसायची पाळी माझी आहे. त्या कोंबड्या नाहीत. कधीच नव्हत्या.

अंडी आली त्या दिवशी मी सलग दोन पाळ्या करून घरी आले होते, घरात दुसरं काही नव्हतं. चार अंड्यांचं आम्लेट केलं. म्हटलं, आठ पुरेत. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी केक. मग धाकटीचं पत्र, की ताई, किती निघाली? कोणत्या तोंडाने सांगू? आठ, म्हणून कळवलं.

त्यानंतर पाच वर्षं मी त्या आठ कोंबड्या पाळल्या. एकीचं नाव तांबडी ठेवलं. तिला सर्दी झाल्याचं लिहिलं तर धाकटीने टपालाने औषध पाठवलं; ते मी प्यायले नाही एवढंच. बातम्या संपल्या तेव्हा दोघींना मांजराने नेलं. त्यावर तिने चार ओळी सांत्वनाच्या लिहिल्या. दर पत्रात खरं सांगायचं ठरवत होते. जुलैत दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते, तेव्हाही तिने विचारलं, ताई, तांबडी कशी आहे? मी म्हटलं, मजेत आहे.

तुमच्या कड्यांवरून तुम्हाला जे काय बोलले ते सगळं परत घेते.

तिची जुनी पत्रं कालपासून वाचते आहे. एका पत्रात तुमच्या कामाचं सापडलं. ती प्रत्येक घरची पिल्लं त्याच घरच्या खुडूक कोंबडीखाली काढायची, आणि लेकी पुढे जन्मभर आईशेजारीच दांडीवर झोपतात असं तिने लिहिलंय. दाराकडे पिवळं घर, मध्ये लाल, भिंतीकडे निळं. दिवसा बघून उपयोग नाही, दिवेलागणीला बघा. घरं वेगळी केलीत की तीन आठवडे एकही अंडं उबवायला घेऊ नका. आधीच्या यजमानांचा प्रभाव तेवढा टिकतो. हे मी परिचारिका म्हणून सांगते आहे, लाजू नका.

उत्तर नाही आलं तरी समजून घेईन.
ताई

११ जानेवारी

ती. ताईंना,
शि. सा. न.

उत्तराला उशीर झाला तो रागाने नाही. आठ संध्याकाळी मोजणी चालली होती.

आधी तांबडीबद्दल. तुमचं पत्र आलं की ही ओट्याशी उभी राहून वाचायची आणि एकटीच हसायची. मी पेपरातून डोकं न काढता विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, ताईची कोंबडी शिंकली. एकदा म्हणाली, ताईच्या कोंबड्या आजारी पडतात, हरवतात, रुसतात, पण पाच वर्षांत एकीनेही अंडं दिलेलं नाही. तेव्हा मी 'असं का' म्हणून पान उलटलं. आता कळतं की तिला माहीत होतं. औषधाची पुडी बांधतानाही ती हसत होती. तेव्हा तुम्ही तिला फसवलं नाहीत, करमणूक केलीत. माझ्याकडून तिला तेवढंही मिळालं नसावं.

दांडीचा नकाशा पूर्ण झाला. आठही दिवस प्रत्येकीची जागा लिहिली. दाराकडे सहा, मध्ये सात, भिंतीकडे सहा. तुमची धाकटी बरोबर होती. सतरा नंबर रोज दांडी बदलते, पण शेवटी पिवळ्या घरातच येऊन धक्काबुक्की करते. कचेरीत अशी एक बाई होती. प्लास्टिकची कडी पुन्हा घातली. जाळी मारून तीन खोल्या केल्या. निळा कोंबडा पिवळ्या घरी दिला. उरलेल्या दोघांत लाल कोण आणि पिवळा कोण, हे त्यांच्या अंगावर कुठे लिहिलेलं नाही. मी त्यांना बराच वेळ निरखलं. त्यांनी मला. शेवटी नाणं उडवलं. एवढ्या नकाशांनंतर नाणं, हे हिला आवडलं असतं.

कळावे. लोभ पूर्ववत सुरू करावा.
नकाशेवाला

२८ फेब्रुवारी

ती. ताईंना,
शि. सा. न.

तीन खुडूक कोंबड्यांखाली बारा-बारा अंडी बसवली होती. परवा पिल्लं निघाली. पिवळ्या घरात दहा, निळ्या घरात अकरा. लाल घरात दोन.

नाणं चुकलं. लाल घरात मी लालच कोंबडा ठेवला होता. काल उरलेली दहा अंडी फोडून पाहिली. एक रिकामं होतं. नऊ पिल्लं पूर्ण भरलेली, पिसांसकट, चोच अंड्याच्या कवचाला टेकलेली. तुम्ही लिहिलं होतं तशीच.

ती पेरूच्या झाडाखाली पुरली. मग तिथेच बसून राहिलो. ऑगस्टमध्ये सगळे म्हणत होते, याच्या डोळ्यांत पाणी नाही, किती धीराचा माणूस. धीर वगैरे नव्हता ताई, जमलंच नव्हतं. काल जमलं. कोंबडीच्या नऊ पिल्लांसाठी बासष्ट वर्षांचा माणूस तासभर, आणि हातात खुरपं. बरं झालं शिंपी दुकानात होता.

दोन्ही कोंबड्यांची अदलाबदल केली आहे. तीन आठवडे थांबून लाल घरची अंडी पुन्हा बसवीन. लाल घरच्या कोंबड्या सगळ्यात म्हाताऱ्या आहेत, अंडी दिवसाआड येतात. ही शेवटची संधी.

कळावे. आज जास्त लिहवत नाही.
नकाशेवाला

६ मार्च

भाऊजी,
नमस्कार.

प्रसूतिगृहात आम्ही एक शिकलो होतो. आत जाताना रडायचं नाही, आणि बाहेर आल्यावर लाजायचं नाही. तुम्ही बाहेर आलात.

नऊ गेली ती तुमच्या नाण्याने, दोन घरांत एकवीस आली तीही तुमच्याच नकाशाने. हिशेब एकाच बाजूने मांडू नका. अंडी साठवताना टोक खाली ठेवा, थंड जागी, आठवड्याहून जुनं अंडं घेऊ नका. खाल्लेली सोडल्यास मला अंड्यांचा अनुभव नाही, पण धाकटीने असं लिहिलंय.

आशीर्वाद द्यायचं वय आहे, म्हणून देते.
ताई

१३ एप्रिल

ती. ताईंना,
शि. सा. न.

लाल घरात नऊ अंडी जमली होती. निळ्या घरातली खुडूक कोंबडी उसनी घेऊन बसवली. वीस दिवस मी एकही नकाशा काढला नाही. एकविसाव्या दिवशी सकाळी डालगं उचललं तर कोंबडी पोटाखाली मान घालून हळू आवाजात बोलत होती, आणि अंड्याच्या आतून तिला कोणी उत्तर देत होतं. मग एका अंड्याला मोहरीएवढं भोक पडलं. त्यातून चोच आली.

दरवर्षी या वेळी ही परसातून मला हाक मारायची, अहो, लवकर या, बघा तरी. मी 'आलो' म्हणायचो आणि हातातली रेघ पुरी करायचो. रेघ पुरी होईपर्यंत पिल्लू वाळून हिंडत असायचं. अकरा वर्षांत मी एकदाही पोचलो नाही.

काल हाक मीच मारली. कोणाला, ते विचारू नका. चांगला ओरडलो, अहो, लवकर या, बघा तरी! शेजारचा शिंपी कुंपणावरून उडी मारून आला, पायात चप्पल नाही, हातात कात्री. त्याला वाटलं साप निघाला. आता त्याला काय सांगणार? डालग्याकडे बोट दाखवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग कात्री खाली ठेवून माझ्याशेजारी उकिडवा बसला. संध्याकाळपर्यंत आठ निघाली. त्याने दिवसभर दुकान उघडलं नाही.

तुमचा,
नकाशेवाला