अंथरलेल्या घोंगडीभोवती उभी माणसं

निरवांगी

ती. दादांस,

धाकट्या द्वारकेचा नमस्कार. शेळीची धार काढून, अंगण झाडून मी भाकरीचं पीठ मळायला बसले होते आणि तुमची उत्कर्षा दारात उभी राहिली, ती सकाळ डोक्यातून जात नाही. (तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? फोनवर तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणता, म्हणून हे पत्र.) बारामतीच्या कला महोत्सवात मांडायला तिला ह्यांची घोंगडी हवी होती. हे गेल्यापासून तीन वर्षं ती पेटीत होती. मला पेटी उघडवत नाही. तूच काढ, असं मी तिला म्हणाले. दोन दिवसांसाठी दिली. तर निघताना पोरगी म्हणते, बाबांनी महोत्सवाच्या समितीला सांगितलंय, आत्या कायमचीच देईल. दादा, मला विचारायचं तरी!

म्हणून मीच बारामतीला गेले. दारात कार्यक्रमपत्रिका मिळाली. ती मी दोनदा वाचली (वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली मी, अक्षराला घाबरत नाही), पण कळलं काहीच नाही. पहिल्या मंडपात मौनावर भाषण होतं, ते दीड तास चाललं. दुसऱ्यात एक गृहस्थ आमच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसले होते. नाटक कधी सुरू होतंय म्हणून मी वाट बघत राहिले, तर लोक टाळ्या वाजवून उठले. संपलं म्हणे.

तिसऱ्या मंडपात आपली घोंगडी. खाली अंथरलेली, भोवती दोरी, वर दिवा, आणि पंधरावीस माणसं हात मागं बांधून गप्प उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यात घोंगडी अंथरून पाहुण्याला उभं ठेवणं म्हणजे चालते व्हा सांगणंच. मी दोरी सोडली. "अवो, बसा की! वहाणा तेवढ्या भाईर काढा." एक चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "बसलं तर चालेल?" म्हटलं, "मग हातरलीया कशाला?" दहाबारा जण बसले. कुणाची घोंगडी, विचारू लागले. मग मी सांगतच सुटले: हे पावसात हिच्यात कोकरू गुंडाळून आणायचे आणि स्वतः भिजायचे, टोचते म्हटलं तर म्हणायचे, "टोचती म्हणून तर माणूस जागा ऱ्हातो." तीन वर्षांत एवढं कुणाशी बोलले नव्हते. उत्कर्षा धावत आली, "आत्या, यावर बसायचं नसतं!" तोवर टाळ्या पडल्या. एकानं पुढचा प्रयोग किती वाजता, असं विचारलं. समितीवाले खूश; रविवारी इंदापूरलाही करा म्हणाले, आणि मग घोंगडी पुण्याला काचेच्या कपाटात. मी नुसती मान हलवली. मी काय केलं, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
द्वारका

ता. क. मान कोणत्या बाजूला हलवली, हे त्यांनी नीट बघितलं नसावं. सगळे जेवायला गेल्यावर मी घोंगडीची घडी घातली, पिशवीत कोंबली आणि एसटी धरली. दोरी मात्र होती तशी बांधून आले. उत्कर्षाचा फोन होता, लोक आता नुसत्या दोरीभोवतीही उभे राहतात.

ता. क. २. तर मुख्य काम असं: समितीला शब्द तुम्ही दिलात, तुम्हीच जाऊन मोडा. घोंगडी मिळणार नाही. पोरीला रागावू नका. दुसऱ्या दिवशी मी ती ओसरीवर अंथरली आणि शेजारच्या रंगूबाईला चहाला बोलावलं.