डावी गाठ

सौंसर, जानेवारी १९८४, गुरुवार

बाबांचा खूप राग आला आहे.

आज बोरगावचे एक बागवाले काका आमच्या नर्सरीत आले. मागे नेलेली संत्र्याची कलमं सगळी जगली म्हणाले. "हात कोणाचा हाय हा?" मी तिथंच बसून जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमाचा कोंब, पट्टीनं बांधून राहिली होती. बाबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या पोराचा!"

दादाचा? त्याला पट्टीची गाठसुद्धा मारता येत नाही. मी डावखुरी, माझी गाठ डावीकडे पडते. समोरच्या हरेक रोपावर डावी गाठ होती. बाबांना दिसली नसेल का? दिसलीच असेल.

त्यांनीच तर शिकवलं. "पयले सुरी धरायले शिक," म्हणून एक हिवाळा नुसती सुरी. मग साल न फाडता उचलणं. गाठ त्याच्याही नंतर. तेव्हाच कळलं होतं, आपण याच कामासाठी आहो. हे मी फक्त बाबांनाच सांगितलं होतं.

जेवताना म्हणतात, "बोरगाववाल्यानं दादाले डोळे बांधाले बोलावलं. तू संग जाय. बांधजो तू, नाव त्याचं राहू दे. पोरीच्या हातावर कोण भरवसा ठेवते?"

मी उठली. माझी सुरी आणून दादाच्या ताटाजवळ ठेवली.

"दादा, पयले सुरी धरायले शिक," म्हटलं. "एक हिवाळा लागते."