डोंगर विचारला तेव्हा

ती. आक्कास धाकट्या धोंडिबाचा सविनय जयभीम.

मी बरा आहे, काळजी करू नकोस. थंडी फार आहे, पण सुगतनं लोकरीचा कोट आणलाय. पोरगं जपतं मला. तुझ्या छातीतली कळ थांबली का?

रविवारी सुगतनं मला आणि नात मैत्रेयीला इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या जुन्या गढीवर सहलीला नेलं. गढी म्हणजे आता टेकडीवरचे नुसते चर उरलेत. रानात पक्षी सारखे ओरडत होते. खालच्या गावात वाटाड्यानं त्यांच्या रीतीप्रमाणे एकेकाला विचारलं, तुमचा डोंगर कोणता, नदी कोणती? मी महिमानगड आणि माणगंगा सांगितली. नदीला पाणी नसतं, ते सांगितलं नाही. मैत्रेयीनं इंग्रजीत इथलाच डोंगर सांगितला. सुगतनं आपली पाळी पुढच्याला दिली.

परतताना गाडीत म्हणाला, "आबा, आता इथंच राहा. तिकडं कोण आहे तुमचं?"

"आक्का आहे की."

"आत्याचं वय बघा, आबा."

मी कोटाची बटणं लावून घेतली.

आक्का, माझ्या घराची किल्ली कुणाला देऊ नकोस. आणि दवाखाना टाळू नकोस. तू आहेस तोवरच माझ्याकडं त्याला द्यायला उत्तर आहे.

तुझीच आस धरून बसलेला,
धोंडिबा