चंदेरी दार

४ मार्च
जुळत नाही! रंगाचा कोड तोच, डबा तोच, काट्यावर थेंब न् थेंब तोलून घातला, तरी गॅरेजात आलेल्या बाईंच्या गाडीच्या बॉनेटसाठी मारलेला नमुन्याचा पत्रा दारापेक्षा गडदच. दार चंदेरी, माझा पत्रा राखाडी. बाबा मागे उभे राहून म्हणाले, "पुन्हा मार." म्हणजे चूक माझीच!

५ मार्च
आणखी पत्रे मारले. उन्हात दाराशी धरून बघत बसले. मेटॅलिक रंग एका जागी थांबतच नाही — समोरून चांदी, जरा बाजूला सरकलं की सावली. बघता बघता भान हरपतं. नळ, वाटी, आरशाची कड — सगळीकडे तोच रंग शोधत हिंडते आहे. संध्याकाळी बाबा म्हणाले, "जेवतेस की ताट रंगवतेस?"

६ मार्च
दुपारी डुलकी लागली. स्वप्नात दादा रंगाची गन घेऊन गाडीभोवती फिरत होता. लांबून, भराभर, जसा काही हवेलाच रंग देतोय. ताडकन जागी झाले. रंग चुकलेला नाही, हात वेगळा आहे! मी बाबांनी शिकवल्यासारखं जवळून, सावकाश, ओलं मारते. ओल्यात चमकीचे कण खाली बसतात, रंग गडद होतो. हे दार लांबून, कोरडं मारलंय. असं मारणारा मी एकच माणूस पाहिलाय.

बापलेकांचं भांडण याच हातावरून झालं. "माझ्या गॅरेजात ही घाई चालायची नाही!" दादा गन ठेवून गेला तो गेलाच. दुसरं वर्ष सरत आलं. नंबरही बदलला. बाबा त्याचं नाव काढत नाहीत. मी काढलं की कॉम्प्रेसर सुरू करतात.

७ मार्च
बाईंना विचारलं. दार गेल्या महिन्यात त्यांच्या माहेरी रंगवलेलं. "उंच मुलगा, फार बोलत नाही. पुढच्या आठवड्यात पॉलिशला बोलावलंय त्यानं." तोच! मला नाचावंसं वाटलं. पण मी बोलावून तो यायचा नाही. जाताना म्हणाला होता, "बाबांनी बोलवलं तरच." आणि बाबा! सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

८ मार्च
सांगितलं नाही. धीरच होत नाही.

९ मार्च
सांगावं लागलंच नाही. सकाळी गॅरेजात गेले, तर बाबा त्या दारापुढे उकिडवे बसलेले. तळवा दारावर. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," एवढंच म्हणाले. रडू आलं, रागही आला — मग मला कशाला राबवलं?

त्यांनी मास्क चढवला, गन घेतली आणि चक्क लांब जाऊन उभे राहिले. मनगट सैल, चाल भराभर — अगदी दादा! उन्हाच्या तिरिपेत चांदीचं धुकं तरंगत होतं. ते खाली बसूच नये असं वाटत होतं. बसलं, तेव्हा बॉनेट आणि दार वेगळं ओळखू येईना.

"वरचं लॅकर तू मार," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

१७ मार्च
अनोळखी नंबर. दादा! कशी आहेस नाही, काही नाही.
"बाईंच्या गाडीचं बॉनेट कुणी मारलं?"
"बाबांनी."
"खोटं बोलू नकोस."
मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी घेतला.