गरम फरशीवरचा बांबू

प्रिय दादा,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहितात म्हणून लिहिलंय. हुरळून जाऊ नकोस.

तुझ्या बैठकीत टीव्हीशेजारी उभा आहे तो बांबू प्लास्टिकचा आहे. महिना झाला, तुम्ही दोघं प्लास्टिकला पाणी घालताय. मी शेवयांच्या दुकानात काम करतो ना, तिथे दारात होता तो. मालक धूळ पुसून कंटाळला, मला देऊन टाकला. बाबांच्या श्राद्धाला तुम्ही सगळे काकांकडे गेलात आणि माझं पोट दुखत होतं, आठवतंय? काही दुखत नव्हतं, तुझ्या घरात एकटं मागे राहायचं होतं. वहिनी म्हणे पाहुण्यांना सांगते, आमच्या घराची ऊबच अशी की मेलेला बांबू उठून बसला. आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या नाकातून रस्सा आला.

खरा बांबू इथे होंगचोनला आहे, आपल्या अंगणात. आई दक्षिणेतून लग्न होऊन आली तेव्हा मांडीवर घेऊन आली होती तोच. इथल्या थंडीत तो उघड्यावर टिकत नाही, म्हणून कुंडीत. दर वर्षी जमीन गोठायच्या आत आई किमची मुरवायच्या रांजणांशेजारी खड्डा करून कुंडी काठापर्यंत पुरायची. तूही खड्डे खणलेत, चांगले रडत-कुरकुरत.

आणि बाबा गेल्यावर तू काय केलंस? आईला सोल शहरात तुझ्या फ्लॅटवर नेलंस, मागोमाग कुंडी नेलीस, आणि ठेवलीस कुठे तर गरम फरशीवर. खालून उकळतं पाणी फिरतंय, मुळं शिजतायत, आणि तू आल्यागेल्याला सांगतोयस, थंडीतून वाचवला बघा. पानं आधी सुरळीसारखी वळली. आई म्हणाली, बाल्कनीत ठेव. तू म्हणालास, तुला काय कळतंय, गारठून मरेल. मग पानं झडली तेव्हा म्हणालास, "जुनाच झाला होता. टाकून देऊ कचऱ्यात." आई तेव्हा भात वाढत होती. तुझ्याच वाटीत.

तर मी उचलला. एकदम गारठ्यात नाही ठेवला, आधी काही दिवस लाकडांच्या खोपटात. मग पहारीने वरचा कडक थर फोडला, कुंडीला पेंढा गुंडाळला आणि पुरली. वर पाचोळा, वाऱ्याच्या बाजूला पेंढ्याचा तट्टा. बर्फाने मोडू नये म्हणून सगळ्या काठ्या एकत्र बांधल्या. ऊन पडलं की दुपारी थोडं पाणी. थंडीत बांबू गारठ्यापेक्षा तहानेनेच जास्त मरतो. वारा पानं सुकवतो आणि गोठलेली मुळं पीत नाहीत. जगेल की नाही, वसंतात कळेल. पेरांवरचे डोळे अजून ओले आहेत, एवढंच सांगतो. तुला सांगायचं तसं काही कारण नाही.

आता नीट बसून वाच. आई काल दुपारच्या बसने इकडे आली. वहिनीला म्हणाली, नाक्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन येते. पिशवीत टॉवेल आणि साबण, बास. भांडण झालं का विचारलं, तर नाही. एवढंच म्हणाली, "तिथे मला सारखी तहान लागते रे." मग अंगणात गेली, माझ्या गाठींना नावं ठेवली आणि सगळ्या सोडून पुन्हा बांधल्या.

मी तुला तिथल्या तिथे फोन लावून शिव्या घालणार होतो. आईने फोन काढून घेतला. म्हणाली, "थांब. त्याच्या लक्षात येईल. तो करेल." रात्री तुझा फोन आला नाही. तिच्या खोलीचं दार लोटलेलं बघून तुम्हाला वाटलं असणार, झोपली. आज सकाळीही नाही. ती फोन एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय, संडासालासुद्धा. मी म्हटलं, आई, मी पत्र टाकतो, बघू आधी काय पोचतं, त्याचा फोन की माझं पत्र. तिने पैज लावली, तुझ्या बाजूने. तू फोन करायच्या आधीच हे तुझ्या हातात पडलं असेल, तर आई हरली.

तुझाच, कारण भाऊ बदलून मिळत नाही,
दालसू